गप्प राहिलेल्या पेशी

अंबरनाथ पूर्व
२० ऑगस्ट २००६

चि. यशोधरा,

माझं अक्षर पाहून आधी आई-बाबांना काही झालं असं वाटेल, म्हणून तेच पहिल्यांदा सांगते. दोघं ठीक आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आईची साखर आहे तिथेच आहे. हे पत्र कामाचं आहे.

ई-मेल का नाही, असं विचारशील. माझ्याकडे ई-मेल आहे. पण ई-मेल केला की तू लगेच उत्तर देशील, आणि मला तुझं लगेच उत्तर नको आहे. शिवाय जे मागायचं आहे ते पोस्टानेच येतं.

मी पीएच.डी. करते आहे, हे आईने फोनवर सांगितलं असेल. सकाळी उल्हासनगरचं कॉलेज, आणि दुपारनंतर बदलापूरला धर्मराज सरांची लॅब. लॅब म्हणजे एका औषध कंपनीच्या आवारात त्यांना मिळालेल्या दोन खोल्या. विद्यापीठाने एकदा मुदत वाढवून दिली आहे. येत्या मार्चअखेर ठोस काही दाखवलं नाही तर माझी नोंदणी रद्द होईल. सदतिसाव्या वर्षी दुसरी नोंदणी कुणी देत नाही, हे तुलाही कळतं.

सरांनी विषय दिला तो नेमका तुझ्या प्रोटीनचा. मी म्हटलं, "सर, ते माझ्या बहिणीच्या लॅबमधलं आहे." तर म्हणाले, "मग उत्तमच की. मागणीचे फॉर्मबिर्म कशाला भरायचे? बहिणीकडून मागवा." मी म्हटलं, "आमच्यात फॉर्म भरलेलाच बरा." त्यांना वाटलं, मी विनोद केला.

तुझा पेपर मी वाचलेला नाही. सरांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. फक्त चौथ्या आकृतीतली उभी रेघ शून्यापासून सुरू होत नाही, हे तुमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

काल गवार मोडता मोडता आईने विचारलं, "यशू तिकडं असं काय बनवते, जे तुला मागायला लागतंय?" मी तिला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली बाजाराची गल्ली सांगितली. म्हटलं, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तीच गल्ली आहे, तीच दुकानं. दुकान म्हणजे जीन. डोळ्याच्या पेशीत काही शटरं वर असतात, यकृताच्या पेशीत दुसरी. बंद दुकानातला माल कुठे जात नाही. फक्त शटर खाली असतं आणि त्यावर सील असतं. यशू काय करते, तर एक प्रोटीन घडवते. त्याला बोटं असतात. त्या बोटांनी ते पाट्या चाचपत जातं, ठरवलेल्या दुकानापाशीच थांबतं आणि तिथे सील लावतं.

"म्हणजे महापालिकेचा माणूस," आई म्हणाली.

"हो."

"मग तो गेला की लोक सील तोडतातच. त्या चपलावाल्याने दुसऱ्या दिवशी तोडलं नव्हतं?"

"तेच पाहायचं असतं, आई. माणूस गेल्यावर सील राहतं का ते."

"आणि तो नुसता दारात उभा राहिला, सील न लावता, तरी दुकान बंदच राहणार ना?"

मी म्हटलं, बरोबर. म्हणून एक दुसरा माणूसही लागतो. बोटं तीच, पण हातात सील नाही. दोघांची तुलना केली की कळतं, दुकान सीलमुळे बंद झालं की नुसतं वाट अडवल्यामुळे.

आईने शेंगेचं टोक मोडलं आणि म्हणाली, "यशू लहानपणापासून हुशार आहे."

समजावून मी सांगितलं होतं.

असो. मला दोन्ही हवे आहेत, सीलवाला आणि बिनसीलाचा. दोघांचा डीएनए, गाळणकागदावर एकेक थेंब, सुकवून, भोवती पेन्सिलीने गोल करून पाठव. पद्धत तुला मी सांगायला नको.

एक मात्र स्पष्ट करते. यात जुनं काही आणायचं नाही. मुंबईच्या त्या संशोधनाच्या नोकरीची जाहिरात मी आणली होती, हे मी काढणार नाही. मुलाखतीत मला "अंबरनाथहून रोज यायला जमेल का?" असं विचारलं आणि तुला विचारलं नाही, जणू आपण दोघी एकाच दारातून निघालो नव्हतो, हेही काढणार नाही. तिथूनच तू जर्मनीला गेलीस. मी कॅम्प चारच्या कॉलेजात गेले. ठीक आहे.

मालिनी


५ ऑक्टोबर २००६

चि. यशोधरा,

तुझं पाकीट मिळालं. मला नाही, बाबांना.

मी कॉलेजात होते. बाबांनी पाकीट फोडलं, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि शेजारी पुतळाबाईंना नेऊन दाखवलं. पुतळाबाई म्हणाल्या, "अहो गमरे, हे रिकामे गोल कसले?" बाबा म्हणाले, "तिकडचे शिक्के असतील. उजेडात दिसत नसतील." मग कपडे बदलून ते रिक्षाने कॅम्प दोनला गेले आणि मुकेशच्या दुकानात तुझं पत्र, त्याला टाचलेल्या गाळणकागदासकट, लॅमिनेट करून आणलं.

मी घरी आले तेव्हा ते भिंतीवर होतं. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली, खिळा ठोकून.

"बाबा, हे काय केलंत?"

"आता पाणी लागो, वाळवी लागो, काही होणार नाही. मुकेश म्हणाला, अंकल, फॉरेन का लेटर है, मोटावाला प्लास्टिक डालता हूँ."

"त्या गोलांत माझं काम होतं."

"गोल रिकामे आहेत, मालू. मी चष्मा लावून बघितलं."

"दिसत नाही म्हणजे रिकामं नसतं."

"मग बरंच झालं की. सुरक्षित राहिलं."

कोणालाही हसू येईल अशीच गोष्ट आहे. मलाही आलं असतं. पण माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट अजून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात आहे, माळ्यावर, पंख्याच्या खोक्याशेजारी. ते लॅमिनेट करून आणावं असं या घरात कुणाला कधी वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकेशकडे जाऊन विचारलं, मशीन किती तापतं. तो म्हणाला, "मॅडम, पापड सेकने को जितना लगता है, उससे भी कम. क्यूँ, फोटो खराब हो गया क्या?" सुक्या डीएनएला तेवढं सोसतं. म्हणजे कापून काढता आला असता.

पण बाबा कापू देईनात. म्हणाले, "तिला सांग दुसरं पाठवायला."

"मी पुन्हा मागणार नाही."

"का?"

मी ब्लेड शोधायला लागले.

"तू मागू नकोस, मी मागतो. चार वर्षांत पोरीच्या हातचं पहिलं पत्र आलंय, आणि तू त्याला कात्री लावणार?"

"बाबा, ते मला लिहिलंय."

ते स्वतःच उठले, खिळ्यावरून ते काढलं आणि जेवायच्या टेबलावर धरून ठेवलं. मी ब्लेडने दोन्ही गोल कापून घेतले. त्यांनी ते पुन्हा भिंतीवर लावलं, दोन भोकांसकट. आई म्हणाली, "डोळे काढल्यासारखं दिसतंय." पण ते तिथेच आहे.

तुझं पत्र मी त्यानंतर वाचलं, भिंतीपाशी उभी राहून. अट समजली. सील किती काळ टिकतं, हा तुझा प्रश्न. तुझी पुढची फेलोशिप त्यावर आहे. ज्याने वस्तू दिली त्याच्या प्रश्नाला हात लावायचा नाही, ही आपल्या कामातली रीत मलाही माहीत आहे. मी फक्त सीलवाला आणि बिनसीलाचा यांची तुलना करीन. तुझं उरलेलं वापरायचं मला नवीन नाही. फरक इतकाच, की इतर घरांत धाकटी थोरलीचे कपडे वापरते.

एका पानात चार ठिकाणी 'ताई' लिहिलं आहेस. एवढ्यांदा लिहायची गरज नव्हती.

मालिनी


३ डिसेंबर २००६

यशोधरा,

तुझं प्रोटीन चालतं. लॅमिनेशन होऊनही चाललं. गोल पाण्यात भिजवले, जिवाणूंत घातले, सकाळी डिशवर ठिपके आले. धर्मराज सरांनी त्या डिशकडे पाहून हात जोडले.

मग पेशींत घातलं. औषध दिलं की प्रोटीन तयार होतं, औषध थांबवलं की संपतं, ही तुमची युक्ती छान आहे. (तुझी की तुझ्या प्रोफेसरांची? पेपरात नीट कळत नाही. म्हणजे, सर म्हणाले कळत नाही.) आपला हा जीन कर्करोगाच्या पेशींना भराभर वाढवणारा. तो बंद झाल्यावर पेशी मंदावल्या. जीन चालू असता तर जेलवर जिथे पट्टी आली असती तिथे काहीच आलं नाही. काहीच न दिसल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बिनसीलाच्या प्रोटीननेही जीन थोडा दबला, पण अर्धाच. आईचं बरोबर होतं. माणूस नुसता दारात उभा राहिला तरी गिऱ्हाईक कमी होतं.

हे सगळं मी तुला पंधरा दिवसांपूर्वी लिहिणार होते. लिहिलं नाही, कारण तेव्हा ते फार चांगलं चाललं होतं आणि मला वाटलं, थोडं आणखी होऊ दे, मग तुला कळू दे.

आता लिहिते आहे, कारण ते संपलं. लोडशेडिंग आमच्याकडे रोजचंच. पण मागच्या रविवारी वीज गेल्यावर जनरेटर सुरूच झाला नाही आणि वॉचमनला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. सोमवारी इन्क्युबेटर उघडला तर आतली हवा माठासारखी गार. बिनसीलाच्या सगळ्या डिश मेल्या. सीलवाल्यांतल्या थोड्या पेशी जिवंत होत्या, इकडे एक, तिकडे दोन. तुलना करायला दुसरी बाजूच राहिली नाही. सर म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावायला किती वेळ जातो ते त्यांना माहीत आहे, आणि मार्च कधी येतो तेही.

जिवंत होत्या त्या मी एकेक उचलून प्लास्टिकच्या ताटलीतल्या वेगवेगळ्या खळग्यांत ठेवल्या. एका खळग्यात एक पेशी. आमच्याकडे बुरशी लागली, वीज गेली, की असंच करतात. संसार बुडाल्यावर भांडी वेचावी तसं. तुमच्याकडे असलं कुणी करत नसेल. नवी डिश घेत असतील.

आई म्हणते, फोनवर तुझा आवाज बसलेला होता. मी तेव्हा भाजी आणायला गेले होते.

मालिनी


२१ जानेवारी २००७

यशोधरा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकिटावर कॉलेजचा पत्ता होता, म्हणून भिंतीवर गेलं नाही.

वाईट वाटलं. इतकं काम करून, औषध थांबवल्यावर तीन आठवड्यांत जीन पुन्हा उघडतो, सील टिकतच नाही, असं निघावं म्हणजे त्रासच. प्रोफेसरांनी "मार्चअखेर पाहू" म्हटलं आहे, पण तुला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आहे, असं लिहिलंस. तू चेहरे नेहमीच बरोबर वाचतेस. एप्रिलमध्ये परत येणार, हे तू आईला आधीच सांगितलं आहेस, तेव्हा इथे तयारी सुरू झाली आहे.

बाबा टेप घेऊन माझं टेबल मोजत होते. म्हटलं, "काय करताय?" तर म्हणाले, "यशूला खिडकीपाशी लागतं. तिला उजेड लागतो वाचायला." मी म्हटलं, "मला काय, अंधारात दिसतं?" तर हसून म्हणाले, "तुझं काय गं, तू सवयीची."

पुतळाबाई जिन्यात भेटल्या. "आता तुमच्या घरात शास्त्रज्ञ येणार म्हणायचं!" माझ्या हातात तेव्हा पेशींना घालायच्या द्रवाची बाटली होती, कंपनीच्या फ्रीजचा भरवसा नाही म्हणून घरी आणलेली. त्या म्हणाल्या, "ताक का?" मी म्हटलं, "हो."

प्राचार्यांनीही बोलावून घेतलं. "मालिनी मॅडम, तुमच्या सिस्टर येताहेत म्हणे? आपल्याकडे लेक्चर्स घेतील का? काय आहे, जर्मनी रिटर्न म्हटलं की ॲडमिशनला फरक पडतो." तेरा वर्षं मी त्यांच्याकडे शिकवते आहे. मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे. घेशील का?

माझ्याकडे विशेष काही नाही. पेशी आहेत, वाढत आहेत.

तब्येतीला जप.

मालिनी


२१ जानेवारी २००७, संध्याकाळ

यशू,

हे पत्र मी टाकणार नाही. दुपारचं टाकून आले आणि घरी येऊन पुन्हा लिहायला बसले, एवढंच.

'पेशी आहेत, वाढत आहेत' हे खरं आहे. पण हळू वाढत आहेत. म्हणजे अजून गप्प आहेत. त्यांचं औषध मी डिसेंबरच्या सुरुवातीला थांबवलं. अट मोडायची म्हणून नाही, औषध संपलं होतं म्हणून. माणूस कधीच निघून गेला, आणि बहुतेक खळग्यांत शटर अजून खालीच आहे. परवा पुन्हा तपासलं. जेलवर पट्टी नाही. सील दिसतंय, जागच्या जागी, एका पेशीतून दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, प्रत्येकीला आईकडून मिळाल्यासारखं.

सील टिकतं, यशू. तुझ्याकडे टिकत नाही आणि माझ्याकडे टिकतं.

आणि तुझ्याकडे का टिकत नाही, हेही मला कळलं आहे. तुमच्याकडे सगळ्या पेशी एका मोठ्या डिशमध्ये एकत्र असतात. त्यांतल्या थोड्यांना सील लागलेलंच नसतं. ज्यांना लागलं त्या मंद, ज्यांना नाही लागलं त्या धावतात. तीन आठवड्यांत डिशभर धावणाऱ्यांचीच पिल्लं. तुम्ही डिश तपासता आणि म्हणता, जीन उघडला. कुठलाही जीन उघडलेला नाही. गप्प होत्या त्या गर्दीत बुडाल्या. माझ्याकडे गर्दीच नव्हती, कारण माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. एका खळग्यात एकच पेशी, तिच्याशी शर्यत लावायला शेजारीण नाही.

यात माझी हुशारी नाही, बिघडलेल्या जनरेटरची आहे. पण मी ते कुणाला सांगणार नव्हते.

आजवर तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं एकच होतं, वय. शुक्रवारी निकाल पाहिला आणि कॅम्प दोनला उतरून एकटीने दाल-पकवान खाल्लं. दोन प्लेट. शेजारच्या बाकावर एक सिंधी बाई तिच्या सुनेला सांगत होती, "धीरे खा, कोई छीन नहीं रहा." ती तिच्या सुनेला म्हणत होती, पण मी हळू खाऊ लागले.

सर म्हणाले, "हेच मार्चला दाखवा. दुसरं काय आहे तुमच्याकडे?" मी अट सांगितली. ते म्हणाले, "अहो, अट ती करत असताना होती. तिला ते जमलेलं नाही. आता ती अट राहते का?" मी मनात म्हटलं, नाही राहत.

तू एप्रिलमध्ये येशील. माझा शोधनिबंध त्याआधी गेलेला असेल. तुझ्या नावावर 'टिकत नाही' असं छापलेलं असेल आणि माझ्या नावावर 'टिकतं'. हे चित्र मी तुझं पत्र आल्यापासून रोज बघते आहे. भाजी चिरताना बघते, पेपर तपासताना बघते. फार सुंदर आहे.


१८ फेब्रुवारी २००७

यशू,

सोबत जानेवारीतलं एक पत्र आहे. तेव्हा टाकलं नव्हतं. आधी ते वाच, म्हणजे माझ्याबद्दल काही चांगलं वाटायची घाई होणार नाही.

वाचलंस? मग पुढे.

परवा आई तुझ्यासाठी उशांचे अभ्रे शिवत होती. म्हणाली, "मालू, ती हरून येतेय. तिच्याशी नीट बोल."

मी म्हटलं, "आणि मी जिंकले असले तर?"

आईने दाताने दोरा तोडला. "कशात?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या शर्यतीत धावते आहे ती आमच्या घरात कुणाला दिसलेलीच नाही, बहुधा तुलाही नाही. मी उठून चहा टाकला. दुधाच्या पातेल्याकडे बघत ते माझं सुंदर चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणलं, आणि पहिल्यांदाच त्यातला पुढचा भाग दिसला. माझा निबंध छापून आला आहे. तू इथेच आहेस, खिडकीपाशी, माझ्या टेबलावर. रात्री जेवायला समोर बसली आहेस आणि तुझा आवाज बसलेला आहे. बाबा मला खुणावून म्हणताहेत, "मालू, तुझं ते पेशींचं जरा हळू बोल, तिला वाईट वाटेल." जिंकल्यावरही हळू मीच बोलायचं. प्राचार्य सकाळचा पहिला तास तुला देणार. पुतळाबाई तुझ्या डोक्यावरून हात फिरवणार. हरून आलीस तर तू या घराची आणखीच लाडकी होणार.

तेव्हा मी ठरवलं की तू येता कामा नये.

म्हणून सांगते आहे. दुसरं काही कारण शोधू नकोस.

पेशी एकत्र ठेवू नका. औषध थांबवलं त्याच दिवशी एकेक उचलून वेगळी करा, एका खळग्यात एक. मंद वाढतात म्हणून फेकू नका, मंद आहेत त्याच कामाच्या आहेत. प्रत्येक खळग्याची वाढ झाली की जीन तपासा आणि सीलही तपासा. तुमच्या फ्रीजरमध्ये औषध थांबवलं त्या दिवसाच्या पेशी जपून ठेवलेल्या असणारच, तुमच्याकडे सगळं जपून ठेवलेलं असतं. त्यातून सुरुवात केलीस तर मार्चअखेर प्रोफेसरांपुढे ठेवण्याइतकं येईल. माझ्या जेलच्या फोटोंच्या प्रती जोडल्या आहेत. काही खळगे उघडलेही आहेत, तेही दिले आहेत. लपवलेलं नाही.

धर्मराज सर चिडले. म्हणाले, "मॅडम, हे म्हणजे घरचं जेवण शेजारी वाढून देणं झालं. त्यांच्याकडे दहा माणसं आहेत." मी म्हटलं, शेजारी नाही, बहीण आहे. ते म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, फॉर्म भरलेला बरा." शेवटी म्हणाले, करा काय करायचं ते.

आता माझी अट. पेपर एकच निघेल, दोन्हीकडचे निकाल एकत्र. नाव माझं आधी. मालिनी गमरे, मग यशोधरा गमरे, मग सर, मग तुझे प्रोफेसर, आणि ते मोठे आहेत म्हणून त्यांना वर चढवायचं नाही. वयाने मोठी म्हणून मागत नाही. माझ्याकडे ते आधी दिसलं, म्हणून. यावर चर्चा नको, गोड बोलणं नको, आणि 'ताई, तू म्हणशील तसं' हे तर मुळीच नको. हो किंवा नाही एवढंच लिही.

मला कळतं की हो म्हणायला तुला कुणी बांधलेलं नाही. तुझ्याकडे माणसं आहेत, मशीन आहेत, न जाणारी वीज आहे. हे पत्र वाचून तू सगळं एकटीच्या नावावर करू शकतेस. तुझं आधी छापून आलं तर माझ्या प्रबंधात नवं काही उरत नाही, आणि मार्चनंतर मला कुणी विचारणार नाही. सर म्हणतात, तू तेच करशील.

केलंस तर नवल वाटणार नाही. इतकी वर्षं मी तुझा राग करते आहे, आणि खरं सांगायचं तर तू काही केलेलं नव्हतंस. या वेळी निदान कारण तरी मिळेल.

ताई